पहिल्या नंबराची झडती

बबिता : ...अन् तुमी टाळ्या वाजवल्या ना सर, तवा तं माह्या अंगावर काटाच आला! म्या बाजूच्या सत्यभामेले म्हनलं, पाह्य व, आपले नवे हेडसर कसे दिलदार हायेत! साताऱ्याकडचा माणूस, इकडचा पह्यलाच पोळा, अन् सोतावर जुळवलेली झडती ऐकून सोताच टाळ्या वाजवून राह्यला. असा माणूस म्या नाई पाह्यला बाप्पा!

सर : ताई, तुम्ही आधी बसा. मी तुम्हाला कशासाठी—

बबिता : बसते ना. पह्यले हा डबा घ्या. पुरणपोळी हाये. काल ही प्रेरणा घरी येऊन सांगे, माय, सरानं तुले उद्या ऑफिसात बोलावलं. म्या म्हनलं, बोलावनारच! बोजारा द्यायले बोलावलं असन. तिचा बाप बी निघाला होता. म्या म्हनलं, तुमी ढोरं पाहा, मी जाते. नवी साडी नेसून आली पाहा सकाळी सकाळी!

सर : बोजारा? हे काय असतं?

बबिता : अवो सर! जूनपासून गावात हा तुमी, अन् बोजारा नाई ठाऊक? पोळा फुटला का बैल घरोघर नेतेत. घरची बाई बैलाचे पाय धुते, पूजा करते, अन् खुशीनं काही हातावर ठेवते. तोच बोजारा. तान्ह्या पोळ्याले पोट्टे लाकडाचे नंदी घेऊन फिरतेत, त्यायले बी देतेत. अन् ज्याच्यावरची झडती गाजली, त्यानं तं हात सैल सोडाच लागते! मी म्हनते पैसे नोका देऊ. एखादा पेन-गिन द्या, पोरीच्या कामात येईन.

सर : बबिताताई, मी बक्षीस द्यायला बोलावलेलं नाही.

बबिता : मंग?

सर : शाळा सोडल्याचा दाखला द्यायला बोलावलंय. प्रेरणाला दुसऱ्या शाळेत घाला.

बबिता : ...सर, थट्टा करून राह्यले ना तुमी? पोळ्याची थट्टा?

सर : थट्टा मी नाही, तुमच्या मुलीनं केली. साऱ्या गावासमोर, शाळेच्या पटांगणात, मीच बांधून घेतलेल्या तोरणाखाली!

बबिता : प्रेरणे! काय केलं व तू? उभी काय राह्यली खांबासारखी, बोल ना! काल तं पह्यला नंबर आला म्हने!

प्रेरणा : आला ना माय. पंजाबराव आजोबानं दिला. तू होतीच ना तिथं.

सर : हो, आला. शाळा समितीच्या अध्यक्षांनी पोट धरून हसत दिला. आणि तान्ह्या पोळ्याला झडतीची स्पर्धा ठेवली कुणी? मी! मला वाटलं, झडती म्हणजे बैलावरची कविता असेल. मुलं पाठ करतील, आठवीची पोरं धीटपणे बोलतील, गावाला बरं वाटेल.

प्रेरणा : म्हणजे... तुम्हाला समजलीच नव्हती का सर? मग टाळ्या?

सर : मला शेवटची ओळ तेवढी कळली! तू ‘शिस्त आली’ म्हणालीस. मला वाटलं, पोरगी शिस्तीवर बोलतेय. म्हणून वाजवल्या! हसू नका ताई.

बबिता : नाई हासत सर. पदर तोंडात हाये माह्या.

सर : कार्यक्रमानंतर आपल्या शाळेतल्या विमलताई मॅडमनी अर्थ समजावून सांगितला. त्यांनाही मध्ये दोनदा थांबावं लागलं, इतकं हसू येत होतं. तोवर कुणीतरी काढलेला झडतीचा व्हिडिओ कुठल्या कुठं गेला होता. जेवायला बसलो तर कोरेगावहून मेहुण्याचा फोन. म्हणे, ‘काय दाजी, ढोरं सुधारली का?’ अहो, कोरेगावला पोहोचली माझी अब्रू!

बबिता : अगं माय वो! एवढ्या लांब गेली का आपली झडती?

सर : हे कौतुकानं विचारू नका! प्रेरणा, म्हण. ती झडती पुन्हा म्हण. आईला नीट ऐकू दे.

प्रेरणा : इथं? इथं तोरण नाही ना सर.

सर : म्हण म्हणतोय ना!

प्रेरणा : नवा धनी आला, त्यानं नवं केलं शासन,
एक ढोर चुकलं, तं साऱ्या गोठ्याले वेसन.
साऱ्यायनं मिळून मंग त्याच ढोराले मारलं,
धनी म्हने, पाहा कसं ढोरायले सुधारलं!
रितं दावं पाहून धनी हासते गालात,
ढोर गेलं रानात, अन् शिस्त आली गोठ्यात!

बबिता : हर बोला, हर हर महादेव!

(खिडकीबाहेरून पन्नासेक पोरांचा एकच गजर उठतो : ‘महादेव!’)

सर : लावा! खिडकी लावा ती! आणि तुम्ही, ताई? तुम्ही पण?

बबिता : माफ करा सर, तोंडातून निघूनच जाते. झडती झाली का ‘हर बोला’ म्हनाच लागते, न्हाई तं ती अर्धी राह्यते. लहानपनापासूनची सवय हाये.

सर : त्यातला धनी कोण, कळलं का तुम्हाला?

बबिता : कळलं ना. तुमी. साऱ्या गावाले कळलं.

सर : आणि तुम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही?

बबिता : कायचं वावगं? अवो सर, तुमाले नाई ठाऊक म्हनून सांगते. तोरणाखाली जे बोललं, त्याचा राग धराचा नसते. सालभर ज्याच्यापुढं तोंड उघडता येत नाई, त्याले त्या दिवशी तोंडावर सांगाचं. मागच्या साली पंजाबरावच्या पाण्याच्या टाकीवर झडती झाली. टाकी झाली, नळ आला, पन पाणीच नाई, अशी. त्यायच्याच बैलापुढं उभं राहून म्हनली. हासला तो माणूस! मिशीले पीळ देऊन हासला, अन् दिवाळीच्या आत मोटर बसवली. माह्या घरच्यानं तं लग्नाच्या पह्यल्या साली माह्या मायवर झडती केली होती. सासूवर! मी दोन दिवस बोलली नाई त्यायच्यासंग, पन माय माही हासली.

सर : ती मोठ्यांची गोष्ट. ही शाळा आहे. इथं मी आज ऐकून घेतलं, तर उद्या कुणीही उठेल आणि कुणावरही रचेल. मग मी वर्गात उभा कसा राहू? पोरं माझ्याकडं बघून डोळ्यांनी हसतायत. सकाळी गेटातून आत आलो तर पाचवीतलं एवढंसं पोरगं मला ‘नमस्ते धनी’ म्हणालं!

बबिता : कोणाचं व ते?

प्रेरणा : उकंडा काकाचं धाकटं असन.

सर : ते महत्त्वाचं आहे का?

बबिता : नाई सर. तुमी असं करा, दोन छड्या मारा हिले. माह्या देखत मारा. मी काही म्हननार नाई, तिचा बाप बी काही म्हननार नाई. पन दाखल्याचं नाव नोका काढू.

सर : हेच! हेच ऐकत आलोय मी नोकरीत पहिल्या दिवसापासून. ‘मारा, पण शिकवा.’ ताई, मी मुलांना मारत नाही. कायद्यानं बंदी आहे, आणि नसती तरी मारलं नसतं. माझ्या आधीच्यांच्या कपाटात मला चिंचेच्या फोकांची जुडी सापडली. पहिल्याच दिवशी शिपायाला सांगून चुलीत घालायला लावली. विचारा हिला.

प्रेरणा : हो माय, खरं आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या तेव्हा.

सर : आणि शाळेची अवस्था काय होती तेव्हा? परिपाठ चालू, प्रार्थना चालू, आणि पोरं रमतगमत येतायत. कुणी अकराला, कुणी जेवणाच्या सुट्टीत. ओरडायचं किती? मारायचं नाही, मग करायचं काय? खूप विचार केला मी. मग नियम केला. वर्गातलं एक जरी मूल उशिरा आलं, तरी त्या वर्गाचा त्या दिवशीचा खेळाचा तास बंद. म्हणजे मुलं एकमेकांना सांभाळतील. शेजारच्याला हाक मारून बरोबर घेऊन येतील. मला एक शब्द बोलावा लागणार नाही. आणि झालंच तसं! आठवीत तर पोळ्याच्या आधीपासून एकही मूल उशिरा आलेलं नाही. एकही नाही! मी शिक्षकांच्या सभेत आठवीचं उदाहरण दिलं. आणि त्याच आठवीची मॉनिटर तोरणाखाली उभी राहून माझी ही अशी शोभा करते!

बबिता : मॉनिटर हाये ना ती! मंग मॉनिटरले कोनी काढते का सर?

सर : काढायची हौस नाही मला. पोरगी हुशार आहे, मला माहीत आहे. म्हणून एक वाट ठेवलीय. कालही सांगितली हिला. हे शब्द हिचे नाहीत. तेरा वर्षांची मुलगी असं रचत नाही. यामागं कुणीतरी मोठं माणूस आहे. माझी बदली व्हावी असं वाटणारं गावातलं कुणी, नाहीतर या शाळेतलंच कुणी. तिनं नाव सांगावं. आत्ता सांगावं. दाखला मी फाडून टाकतो.

बबिता : सांग व. नाव सांग अन् मोकळी हो.

प्रेरणा : नाही सांगणार.

बबिता : प्रेरणे!

प्रेरणा : झडती कोणाची, ते विचारत नसतेत माय. तूच सांगतलं ना मले. तोरणाखाली आली का ती साऱ्यायची.

बबिता : ते तं हाये, पन आता जीवावर आलं ना! बापाचं नाव सांग. सर, तिच्या बापानं केली. नागोरावनं. लिहून देते मी. तो माणूस असाच हाये, बैलाले पाणी पाजता पाजता दोन झडत्या जुळवते.

प्रेरणा : माय, बाबानं नाही केली. खोटं काहून सांगतं?

बबिता : चूप! तुले कोन विचारते? त्याचं नाव घेतलं तं तो खूशच होईन!

सर : ताई, मला खोटं नाव नको. खरं हवंय. प्रेरणा, शेवटचं विचारतो.

प्रेरणा : नाही सर.

सर : ठीक आहे. मग घेऊन जा दाखला.

बबिता : कुठी घेऊन जाऊ सर? सांगा ना, कुठी घेऊन जाऊ? बोरी अरबले? तिकडे जायले सकाळची एक एसटी, तिचा बी भरोसा नाई. अन् तेवढ्या दूर तिचा बाप धाडन का? तो माणूस वाईट नाई, पन त्याचं एकच म्हननं असते. शाळा हाये तं शाळा, शाळा सुटली तं वावर. दिवाळीच्या तोंडावर कापूस फुटते. एकदा का वेचणीले हिच्या कंबरेले फडकं बांधलं का झालं! मी बांधलं होतं सातवीत. माहे मास्तर मायले म्हनले, एक साल घरी राहू द्या, मंग पाहू. ते साल अजून सरलं नाई सर. अजून बांधूनच हाये मी ते फडकं. अन् तुमी एका झडतीपायी... मी पाया पडते तुमच्या.

सर : अहो ताई, उठा! हे काय करताय? उठा आधी!

प्रेरणा : माय, ऊठ! पाया नोको पडू! मी सांगते. नाव नाही सांगत, पन बाकीचं सांगते. सर, तुम्ही आता म्हणाले ना, आठवीत उशीर बंद झाला. उशीर नाही बंद झाला सर. प्रियंका बंद झाली.

सर : कोण प्रियंका?

प्रेरणा : प्रियंका टेकाम. कोलाम पोडावरची, नाल्यापलीकडच्या वस्तीतली.

सर : टेकाम... हो, आहे की हजेरीत. ते लोक कामाला बाहेरगावी गेलेत ना? मला सांगितलं होतं तसं.

प्रेरणा : मीच सांगितलं होतं. मॉनिटर आहे ना मी. तुम्ही विचारलं अन् माह्या तोंडातून निघून गेलं. ती कुठीच नाही गेली सर. घरीच हाये.

सर : घरी? का?

प्रेरणा : रोज उशिरा येणारी तीच एक होती ना! तिची माय दिस उगवायच्या आधी वावरात जाते. धाकटा भाऊ तिच्यापाशी. पोडावरच्या अंगणवाडीची बाई गावातूनच जाते, ती पोहचली का हे पोट्टं तिच्या हवाली करून प्रियंका निघे. मंग पळत ये. पळत सर! दप्तर डोक्यावर घेऊन. तरी परिपाठ झालेला राहे. अन् खेळ आमचा जाये. साऱ्यायचा.

सर : मग तिनं मला सांगायचं ना.

प्रेरणा : तुम्ही विचारलंच नाही तिला. तुम्ही वर्गाकडं पाहून म्हणत होते, ‘आजचा खेळ कोणामुळं गेला ते तुम्हाला माहीत आहे.’ अन् निघून जात होते. मंग सारे तिच्याकडं पाहत. आमची कबड्डीची टीम होती सर. दारव्ह्याले तालुक्याच्या मॅचा होत्या. सरावच नाही झाला. पह्यल्याच मॅचीत हरलो. येताना गाडीत कोणी एक शब्द बोललं नाही तिच्यासंग. दुसऱ्या दिवशी पोट्ट्यायनं तिची चप्पल कौलावर फेकली. कोणी डबा खायले बसू देईना. मी बी नाही दिलं बसू. मी तिले म्हनलं, तू येऊच नोको ना व, तू नाही आली तं आमाले खेळाले भेटते. अन् ती नाहीच आली मंग.

बबिता : काय बोलली व हे! तुह्यासंग वेण्या घालून फिरे ना ती पोट्टी? मी म्हनत होती, आजकाल घराकडे येत काहून नाई?

प्रेरणा : सर, छडी होती तेव्हा बरं होतं. छडी लागली तं हात दुखे. पन दोस्ती तुटत नव्हती.

सर : ...असं बोलू नकोस. छडी बरी असं म्हणू नकोस तू. छडी वाईटच.

प्रेरणा : हो सर. पन हे बी वाईटच.

सर : मग मला का नाही सांगितलंत? माझं दार काय बंद असतं का? कुणीतरी एकानं यायचं होतं. विमलताई मॅडमना सांगायचं. तू मॉनिटर ना? यायचं आणि सांगायचं, सर, असं असं झालंय!

प्रेरणा : कसं सांगणार? गोविंदा एकदा वर्गात उभा राहून म्हणाला होता, सर, तिच्यामुळं आमचा खेळ काहून? तुम्ही म्हणाले, ‘उलट बोलतोस? उद्याचाही बंद.’ साऱ्यायचा. तुम्हाला आठवत नसेल. मंग त्याले बी मार बसला शाळा सुटल्यावर. इथं एकानं तोंड उघडलं तं साऱ्यायचं जाते सर. तोरणाखाली बोललं तं कोणाचंच जात नाही. म्हणून तिथं बोललो.

बबिता : सर... पाणी देऊ का?

सर : नको.

बबिता : घ्या थोडं. चेहरा कसा झाला तुमचा.

सर : मी सभेत उदाहरण दिलं हो ताई. आठवीचं. सगळ्यांपुढं. ‘मुलंच मुलांना शिस्त लावतात, पाहा.’ असं म्हणालो मी. आणि तेव्हा ही पोरगी पोडावर... रितं दावं म्हणजे ते. आता कळलं. काल मॅडमनी समजावून सांगितलं, तरी मला काल नव्हतं कळलं. मला वाटलं, मलाच टोचायला घातलंय. प्रेरणा, ही झडती तिनं केली ना?

प्रेरणा : मी नाव सांगणार नाही म्हणाले ना सर.

बबिता : अवो माय! तिनंच केली! ऐन पोळ्याच्या दिशी ही पोरगी कुठी गेलती, मी शोधून थकली! पोडावर गेलती ना तू? खरं सांग!

प्रेरणा : गेलती. माफी मागाले गेलती. ती बैलाच्या शिंगाले बेगड लावून राह्यली होती. माह्याकडं पाह्यलंच नाही. मी लय वेळ उभी होती. मंग बेगड लावता लावताच तिनं म्हनली. एक एक ओळ. मले म्हने, माफी-गिफी राहू दे, हिंमत असन तं हे म्हनून दाखव. सर, तिचा दाखला नोका काढू. माहा काढा पाहिजे तं. म्हणूनच मी नाव घेत नव्हती.

सर : तेरा वर्षांची मुलगी असं रचत नाही, म्हणालो मी.

बबिता : ती तं बारा-साडेबाराचीच असन.

सर : ताई...

बबिता : चूप बसते सर.

सर : प्रेरणा, तो नियम आजपासून बंद. थांब, नाचू नकोस! पूर्ण ऐक. शिस्त मी सोडणार नाही. उशिरा येणाऱ्याला मी विचारणार. पण ज्याला विचारायचं त्यालाच विचारणार, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत ऐकून घेणार. खेळाला हात लावणार नाही. हे मी परिपाठात सगळ्यांपुढं सांगतो. आणि उद्या तिला शाळेत घेऊन ये.

प्रेरणा : ती नाही येणार सर.

सर : का? नियम बंद झाला की!

प्रेरणा : तुम्ही बंद केला. पोट्ट्यायच्या डोक्यातून कसा बंद होईल? आता कोणी उशिरा आलं का तुम्ही यायच्या आधी आम्हीच पाहतो त्याच्याकडं. सवय लागली सर आम्हाला.

सर : ...हो. तीही मीच लावली. मग काय करायचं?

बबिता : मी सांगू का? झडतीले उत्तर द्या लागते सर. आमच्यात तसंच असते. एकानं म्हनली का दुसरा पुढं येते अन् त्याच्यावर आपली म्हनते. उत्तर नाई दिलं तं हरला. तुमी जा तिच्या दारी अन् द्या उत्तर! माहा नवरा देईल जुळवून.

प्रेरणा : नाही माय, सरनंच करावं लागते. ज्याले म्हनली त्यानंच.

सर : मी? मला कुठं येतंय ते? आमच्याकडं पोळ्याऐवजी बेंदूर असतो, त्यात झडत्या नसतात. थांबा... ‘धनी होता नवा, त्याला नव्हती जाण’... पुढं काय? ‘एका ढोरासाठी त्यानं... त्यानं दिला प्राण’...

बबिता : अवो प्राण कायले देता सर! शुभ शुभ बोला!

प्रेरणा : सर, हे झडती नाही, हे श्रद्धांजलीसारखं वाटते!

सर : हसा, हसा! बरं मग, ‘धनी होता नवा, त्याला नव्हती जाण... बांधाला त्यानं पाहिलं, नाही पाहिलं रान.’

बबिता : हाव! हे जमलं! हर बोला!

सर : आणि शेवट... ‘रितं दावं हातात घेऊन धनी आला दारात, चल बाई गोठ्यात आता, तुझी जागा...’ नाही, ‘गोठ्यात’ नको. मुलीला गोठ्यात कसं बोलवायचं?

प्रेरणा : तिनंच म्हटलंय ना सर गोठा. चालते. ‘तुह्याविना करमत नाही कोणालेच घरात’ असं म्हणा.

सर : खरंच करमत नाही का तुम्हाला?

प्रेरणा : ...नाही सर. खेळाचा तास भेटते आता रोज. पन चढाईले जाणारी तीच होती. आम्ही नुसते बसून राहतो.

बबिता : सर, मंग दाखला?

सर : कसला दाखला? ते डब्याखाली आहे ते? तेल लागलंय त्याला. घेऊन जा तुम्ही, चूल पेटवायला होईल. ताई, पोड किती लांब आहे?

बबिता : गाडीवर गेलं तं हे पाहा, नाल्याच्या पलीकडे! आताच चालता का? चला! मी येते. मी बसते त्या पोट्ट्यापाशी, अंगणवाडीची बाई येईपर्यंत. प्रियंकाले तुमी गाडीवर घेऊन या. पुढच्या दिवसाचं बी पाहू काही, मी बोलते त्या बाईसंग, ती आमच्याच आळीतली हाये. गावातल्या बायायनं मनावर घेतलं तं ती घंटाभर आधी बी पोहचन!

सर : विमलताई मॅडमना सांगतो, परिपाठ तुम्ही घ्या, मला आज यायला उशीर होईल. चल प्रेरणा, तूही चल. शेवटची ओळ तुझीच आहे.

प्रेरणा : सर, एक मिनिट. ती आली आज, तं बसन कुठी?

सर : म्हणजे? तिच्या जागेवर.

प्रेरणा : जागा नाही तिची. तिचा बाक आम्ही वर्गाबाहेर काढला होता. तुमच्या ऑफिससमोर व्हरांड्यात आहे तो.

सर : तो? अगं, तो तर मोडका म्हणून बाहेर ठेवलाय ना? मी रोज त्याच्यावरच बसतो, फोन आला की.

प्रेरणा : मोडका नाही सर.

सर : ...बरं. तू त्या बाजूनं धर.